पंखाच्या मुळाशी

नाथाजी आबाच्या तोंडातून बावीस किडे निघाले. साताऱ्याच्या सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईनं ते पांढऱ्या ताटलीत एकेक मोजले, आणि खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहिलेल्या अंजनानं, आबाच्या एकुलत्या लेकीनं, तिच्यासोबत मनातल्या मनात मोजले.

पंधरा दिवसांमागं आबानं रानात बसून आपल्याच हातानं दाढेला दोरा बांधला होता आणि ठणकणारी दाढ उपटून काढली होती. त्या दाढेच्या जागी आता करंगळी जाईल एवढं भोक होतं. डॉक्टर टर्पेंटाइनचा बोळा त्या भोकाशी धरायचे. वासानं आतला किडा गुदमरायचा, शेपूट बाहेर काढायचा आणि चिमट्यात सापडायचा. आबानं खाटेची लोखंडी पट्टी घट्ट धरली होती. डोळ्यांतून पाण्याची धार लागलेली, पण तोंड त्यानं एकदाही मिटलं नाही.

"निघाले सगळे," डॉक्टर म्हणाले. "महिन्याभरात जखम भरून येईल."

आबानं लेकीकडं बघितलं. जड झालेल्या जिभेनं म्हणाला, "अंजे, गावात कुणाला सांगू नगंस."

पण गावाला कळून चुकलं होतं. आबा दवाखान्याला निघाला तेव्हा मेढ्याच्या एस्टीत शेजारी बसलेल्या बाईनं वास आला म्हणून पदर नाकाला लावला होता, आणि मग त्याच्या ओठावर आलेलं काहीतरी पांढरं, वळवळतं बघून ती किंचाळली होती.

साध्या माणसाच्या तोंडात किडे पडले असते तर गाव हळहळलं असतं. आबाची गोष्ट वेगळी होती. आबानं बेलभंडारा उचलला होता.

झालं होतं असं. माघात सुभेदार हंबीररावांची कडब्याची गंजी भरदुपारी पेटली. सुभेदार फौजेतून पेन्शनीवर आलेले, गावात त्यांचा शब्द चालायचा. गावाच्या कडेला चंद्राबाई नावाची विधवा एकटी राहायची. तिचं आणि सुभेदारांचं बांधावरून आठवड्यापूर्वीच वाजलेलं. मग काय, बोट तिच्याकडंच वळलं. त्यात ते दुष्काळाचं साल. वरच्या झऱ्यांनी तळ दाखवला होता आणि कडबा जनावराच्या जिवापेक्षा महाग झाला होता. माणसं तापलेलीच होती. चंद्राबाईला गावातून काढायचं, एवढंच ठरायचं बाकी होतं. तेव्हा भैरोबाच्या देवळात आबा उठला. हिरड्याच्या रानात दिवस काढणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असला माणूस. देवापुढचं बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा त्यानं तळहातावर घेतला आणि म्हणाला, "गंजी पेटली तवा चंद्रा रानात हिरडा येचत हुती. मी माझ्या डोळ्यानं बगितली. खोटं बोलत असंन तर माझ्या जिबंला किडं पडतील."

बेलभंडारा उचलला की पुढं बोलणं नाही. चंद्राबाईचं घर राहिलं.

आणि चाळीस दिवसांत आबाच्या तोंडात किडे पडले.

"जिबंला न्हाई पडलं, दाढंला पडलं," अंजना पारावर जाऊन भांडली.

"दोन बोटं अलीकडं पडलं एवढंच की गं," पारावरचा गुंडा म्हणाला. "देव काय बंदुकीनं नेम धरतो व्हय?" आणि सगळे हसले. दुसरा म्हणाला, "आन् म्हातारा तिला रानात कशापायी बगत बसलेला, ते बी इचारा की कुणीतरी." त्यावर हसणं जरा जास्तच लांबलं.

सुभेदार मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "पोरी, मी एकोणीस वरसं फौजंत काढली. मला देवाचं बी कळत न्हाई आन् किड्याचं बी. मी कागद मानतो. तुझ्या साताऱ्यात शिकलेली लोकं हाईत. त्यांच्याकडनं कागद आण, की ह्ये किडं माशीनं घातलं, देवानं न्हाई. मग नाथाजीचा बोल खरा आन् चंद्री गावात. जत्रंपतोर थांबतो. न्हाई आला कागद, तर त्याच देवळात दोघांचा बी निकाल."

सुभेदार जुलमी नव्हते. जुलमी असते तर अंजनाला सोपं गेलं असतं.

अंजना साताऱ्यात लालासाहेबांच्या फोटो स्टुडिओत रिटचिंग करायची. नवऱ्यानं टाकल्यावर ती मावशीकडं आली आणि झाडलोट करता करता हे काम शिकली. खिडकीशी उतरत्या मेजात बसवलेली दुधी काच, काचेखाली उजेड वर फेकणारा आरसा, काचेवर निगेटिव्ह, आणि हातात सुईसारखं टोक काढलेली पेन्सिल. निगेटिव्हात सगळं उलटं असतं. काळे केस पांढरे दिसतात, आणि कपाळावरची सुरकुती काचेसारखी स्वच्छ रेघ होऊन येते. त्या रेघेत पेन्सिलीचे बारीक बारीक ठिपके भरले की छापलेल्या फोटोत सुरकुती उरत नाही. अंजनानं किती नवऱ्या मुलींच्या गालांवरचे देवीचे वण असे बुजवले होते. फोटो बघून स्थळं आली होती, लग्नं झाली होती. लालासाहेब म्हणायचे, "आमची अंजना देवीमातेचं बिघडलेलं दुरुस्त करती."

त्याच स्टुडिओत कृष्णात सर यायचे. सांगलीकडच्या खेड्यातला माणूस, साताऱ्यात कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारा. सुट्टी लागली की कॅमेऱ्याला बारकी वस्तू मोठी दाखवणारा भाता लावून मेढ्याच्या झाडीत जायचा आणि पाचोळ्यावर, आळंब्यांवर, ओल्या सालीवर बसणाऱ्या बारक्या माश्यांचे फोटो काढायचा. तिळाएवढी माशी कागदावर चिमणीएवढी व्हायची. दोन वर्षं त्या माश्या अंजनाच्या काचेवरून गेल्या होत्या. सर फोटो मेजावर मांडून विचारायचे, "सांगा अंजनाबाई, ही कोणती?" आणि ती पंखातल्या शिरांकडं बघून सांगायची. शिरा कुठं फुटतात, कुठं एकमेकींना मिळतात, यावर माशीची जात ओळखायची, हे तिला पाठ झालं होतं. तिनं नावंही ठेवली होती. एकीच्या पंखावर नथीसारखा आकडा, ती नथवाली. एकीच्या शिरा माहेरच्या वाटेसारख्या वळत जायच्या, ती सासुरवाशीण. सर हसायचे, पण वहीत कंसात तीही नावं लिहायचे.

"पंखाच्या शिरांना तेवढा हात लावू नका," सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "बाकी कचरा, धूळ, ओरखडे साफ करत जा. तुमचा हात लागला की फोटो कसा धुतल्यासारखा होतो."

किडे निघाले त्याच दिवशी, सुभेदारांशी हे बोलणं व्हायच्याही आधी, अंजना दवाखान्यातून तडक सरांकडं गेली होती. हातात इंजेक्शनची रिकामी बाटली, तळाला ओली माती, मातीत तीन जिवंत किडे. बाकीचे टर्पेंटाइननं मेले होते.

"सर, ह्ये कुठनं आलं ते मला सांगा."

सरांनी बाटली उजेडात धरली. "अळ्या आहेत, अंजनाबाई. कुठल्यातरी माशीच्या. पण कुठल्या, ते अळीवरून मला सांगता येणार नाही. माशी व्हायला हवी."

बाटली सरांच्या टेबलावर राहिली. अळ्या मातीत शिरल्या, तांबड्या बिया होऊन पडल्या. अंजना रोज काम सुटल्यावर जाऊन बघून यायची. बाळंतघराबाहेर बसावं तशी बसायची. नवव्या दिवशी एक बी फुटली. मातीनं माखलेली, चुरगळल्या पंखांची एक माशी बाहेर आली आणि बाटलीच्या काचेवर चढून पंख वाळवत बसली. उरलेल्या दोन बिया तशाच राहिल्या.

सरांनी माशीचे तीन फोटो काढले. दोन हलले, एक स्वच्छ आला. माशी त्यांनी टाचणीला लावून खोक्यात ठेवली. मुंग्या वर चढू नयेत म्हणून टेबलाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या असायच्या. त्या वर्षी नळाला दोन दिवसांआड पाणी होतं. सरांनी वाटीतलं पाणी झाडाला घातलं आणि पुन्हा भरायचं विसरले. सकाळी टाचणीवर एक पाय उरला होता.

"हरकत नाही," सर म्हणाले, पण चेहरा पडला होता. "फोटो आहे. कलकत्त्याला एक म्हातारे गृहस्थ आहेत, जन्म माश्यांत घालवलाय त्यांनी. फोटोवरून सांगतील. या झाडीत अगदी जुळ्या बहिणींसारख्या दोन माश्या आहेत, अंजनाबाई. एक पाचोळ्यात अंडी घालते, दुसरी जिवंत जखमेत. त्यांच्यातला फरक मला नाही सांगता यायचा, ते सांगतील. मला उद्या परीक्षेच्या कामाला जतला जायचंय, आठवडाभर. तुम्ही फोटो छापा आणि माझ्या या चिठ्ठीसोबत या पत्त्यावर रजिस्टर करा. अळ्या, बाटली, माती, सगळं लिहिलंय तिच्यात. जत्रेला दिवस थोडे राहिलेत."

अंजनानं त्या दिवशी लालासाहेबांना सांगून दुसरं काम हातात घेतलं नाही. निगेटिव्ह काचेवर ठेवलं आणि भिंग लावलं. आबाच्या तोंडातून निघालेली, आबाला खरं करायला जन्मलेली ती माशी अंधारात उजळली होती. केवढी घाण अंगावर! मातीचे कण पाठीवर, पोटावर. पायाला सुतासारखं काहीतरी चिकटलेलं. पंखाच्या मुळाशी तर उभ्या कुसळांची एक रांगच्या रांग, जशी कापणीनंतर लुगड्याला लागते. असली मळकी माशी कलकत्त्याच्या साहेबापुढं पाठवायची?

तिनं पेन्सिल धरावी म्हणून निगेटिव्हावर तेल चोळलं, पेन्सिलीचं टोक काचकागदावर घासलं आणि कामाला लागली. बाळाला पहिली अंघोळ घालावी तशी. पाठ पुसली, पोट पुसलं, पायाचं सूत काढलं. शिरांना हात लावला नाही, सरांचा शब्द होता. पंखाच्या मुळाशी सात कुसळं होती. तिनं एकेक करून सातही बुजवली. हात चालताना ओठांवर आपसूक ओवी आली, आईच्या जात्यावरच्या चालीवर, शब्द तिचेच.

माझ्या गं आबाचा, बोल पानाचा गं विडा
खऱ्याच्या तोंडात, कसा पडला गं किडा

संध्याकाळी छाप निघाला. लालासाहेब बघून म्हणाले, "वा! माशी हाय का राजाची राणी?" अंजनानं पाकिटाला दोनदा डिंक लावला आणि ते पोस्टात नेऊन रजिस्टर केलं.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात माणूस मावत नव्हता. पालखी रात्रीच फिरून आली होती, गुलाल फरशीवर वाळला होता. आबा खांबाला टेकून बसलेला. गालाची सूज उतरली होती, बोलणंही पुष्कळ सुटं झालं होतं. चंद्राबाई बायकांच्या मागं, दाराच्या उंबऱ्याशी. तिच्या आजूबाजूला हातभर जागा मोकळी सोडलेली. कृष्णात सर पहिल्या एस्टीनं आले ते घाम पुसतच. कलकत्त्याचं पत्र त्यांना आदल्या संध्याकाळी मिळालं होतं. एस्टीच्या थांब्यापासून देवळापर्यंत अंजनानं चारदा विचारलं, पण सर एवढंच म्हणाले, "वर गेल्यावर वाचतो."

"वाचा मास्तर," सुभेदार म्हणाले. "हाय तसं वाचा. खाली न्हाई, वर न्हाई."

सरांनी इंग्रजी पत्र मराठीत करून वाचलं. शब्द त्यांनी एकही बदलला नाही. साहेबांनी लिहिलं होतं: फोटो फार सुंदर आहे, इतका स्वच्छ फोटो क्वचित बघायला मिळतो. त्यामुळं शंकेला जागा उरत नाही. जिवंत मांसात अंडी घालणाऱ्या माशीच्या पंखाच्या मुळाशी ताठ केसांची एक रांग असते. या माशीला ती नाही. ही पाचोळ्यातली निरुपद्रवी माशी आहे. बाटलीत घातलेल्या मातीतूनच ती आली असावी. रोग्याच्या जखमेशी तिचा संबंध नाही.

म्हणजे आबाच्या दाढेत किडे घालणारी माशी कागदावर नव्हतीच; उरला देव.

केसांची रांग. अंजनाला आपली पेन्सिल दिसली, काचकागदावर घासलेलं टोक दिसलं. एक, दोन, सात.

"हुती!" ती ओरडली. "सर, हुती ती रांग! सात केस हुतं, मला कचरा वाटला. मी पुसलं. ह्या हातानं पुसलं मी!"

सरांनी पत्रातली ती ओळ पुन्हा वाचली. "अंजनाबाई," ते म्हणाले, "पंखाच्या मुळाशी?"

पण तोवर गलका झाला होता.

"आता ह्ये नवीनच!"

"कागद उलटा आला म्हणून लगेच पलटी मारती व्हय गं?"

"म्हंजे फोटू खोटा धाडलास तू," सुभेदार उभे राहिले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "सरकारी मास्तरला फशिवलंस, त्या साहेबाला फशिवलंस, आन् आता देवळात कबूल करतीस? फौजंत असल्या माणसाला काय करत्यात, ठावं हाय? साताऱ्याला पोलिसात देतो तुला. त्या स्टुडिओवाल्याला बी बघतो. लोकांच्या पोरींची थोबाडं रंगवून लग्नं लावतीस, त्ये बी निघू दे आता बाहीर!"

"सुभेदार, ऐका, ती काय म्हणते ते ऐका," सर मधे पडू बघत होते. त्यांचं कोण ऐकतंय. कुणीतरी अंजनाच्या दंडाला धरलं. एक बाई म्हणाली, "नवऱ्यानं उगा न्हाई टाकली."

तेव्हा आबा उठला.

खांबाला धरून उठला, माणसं बाजूला सरली, आणि तो देवापुढं गेला. वाकून बेलाचं पान घेतलं. भंडाऱ्याची चिमूट त्यावर टाकली. अंजनाला कळलं. ती म्हणाली, "आबा, नगा," पण ते तिला स्वतःलाही ऐकू गेलं नाही.

"माझ्या पोरीनं कायबी केलेलं न्हाई," आबा म्हणाला. शब्द स्वच्छ होते, कितीतरी दिवसांनी इतके स्वच्छ. "बापासाठी ती काय बी बोलंल. कागद खरा हाय. मी त्या दिशी चंद्राला रानात बगितली न्हाई. मी खोटं बोललो. देवानं मला दावलं. आता पोरीला सोडा."

दंडावरचा हात सुटला. सुभेदारांनी मान खाली घातली. त्यांना तेवढं पुरे होतं.

अंजनानं दाराकडं बघितलं. चंद्राबाई रडत नव्हती. ती आबाकडं बघत होती. अनोळखी गावात वाट विचारावी आणि समोरच्यानं तोंड फिरवावं, तसा तिचा चेहरा झाला होता. मग तिनं उंबरा ओलांडला. दुपारच्या एस्टीला ती बोचकं घेऊन उभी होती. भावाकडं, जतकडं गेली म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अंजनानं स्टुडिओचं दार उघडलं. निगेटिव्ह काढलं, कापसाला टर्पेंटाइन लावलं. वास नाकात शिरला आणि दवाखान्यातली ती पांढरी ताटली डोळ्यांपुढं आली. काचेवर तिनं बोळा अगदी हलका फिरवला. पेन्सिलीचा काळा गाळ कापसावर आला आणि पंखाच्या मुळाशी एक केस उजळला. मग दुसरा. सातही उभे राहिले, होते तसे, ताठ.

सर आले, भिंग डोळ्याला लावून किती वेळ वाकून बसले. "मी छाप न बघता पाठवायला सांगितला," ते म्हणाले. "कचरा साफ करा, असंही मीच सांगितलं होतं." कलकत्त्याला दुसरा छाप गेला. दुसरं पत्र आलं. साहेबांनी लिहिलं होतं की ही मांसातलीच माशी आहे, यात शंका नाही, आणि आधीचा छाप कुणी बिघडवला याचा त्यांना राग आला होता.

दोघं ते पत्र आणि फोटो घेऊन सुभेदारांकडं गेले. सुभेदारांनी चष्मा लावला. दोन्ही फोटो ओसरीवर शेजारी शेजारी ठेवले, ऊन पडेल असे. बराच वेळ बघितले. त्यांनी चहा मागवला, खुर्ची दिली, अपमान केला नाही.

"मास्तर, मला एक सांगा," ते म्हणाले. "ह्यातला खरा कंचा?"

"हा. केस आहेत तो."

"आन् ह्यो बी हिनंच केला, त्यो बी हिनंच केला. जो हात पुसतो त्यो काढू बी शकतो की." त्यांनी फोटो परत दिले. "तुमी खरं बोलताय आसं मला वाटतंय. पर मी कागद मानतो म्हणून गेलो, आन् आता दोन कागद झालं. वर नाथाजीनं स्वता भंडारा उचलला. त्येच्याम्होरं मी जाऊ कसा?"

आबाची जखम भरून आली. डॉक्टरांनी म्हटलं होतं तशी, महिन्यात. पण आबा बोलायचा बंद झाला. भाकरी दिली की खायचा, पाणी दिलं की प्यायचा. हिरड्याच्या रानाकडं पाठ करून ओट्यावर बसायचा. पाऊस पडला, थोडा. झरे वाहिले, थोडे. श्रावणात अंजना दोन दिवसांची सुट्टी काढून आली आणि तिनं तो दुसरा फोटो आबाच्या मांडीवर ठेवला. एकेका केसावर बोट ठेवून दाखवला. आबानं बघितलं. मग आपल्या जाड, हिरड्यानं काळ्या पडलेल्या अंगठ्यानं माशी झाकली.

"चंद्रीला दाव," तो म्हणाला.

जत तालुक्यात त्या वर्षीही पाऊस नव्हता. रस्त्याच्या कामावर हजारभर माणसं उन्हात ओळीनं बसून खडी फोडत होती. मुकादम यल्लाप्पा कानडी-मराठीत विचारत विचारत तिला ओळीच्या शेवटाला घेऊन गेला. चंद्राबाई पाय पसरून बसलेली, पुढ्यात दगड, हातात हातोडा. डोक्यावरचा पदर दगडाच्या पिठानं पांढरा झाला होता. डाव्या अंगठ्याला चिंधी, तिच्यातून रक्त वाळून काळं पडलेलं.

"मावशी, त्यो अंगठा उगडा ठिवू नगा," अंजनाच्या तोंडून पहिलं तेच निघालं. "माशी बसंल."

"हितं कुठली गं तुझी माशी," चंद्राबाई म्हणाली. "झाड न्हाई एक. बस."

अंजना खडीच्या ढिगावर बसली. फोटो काढून दिला, सगळं सांगितलं. केसांचं, पेन्सिलीचं, कलकत्त्याच्या दोन पत्रांचं. चंद्राबाईनं फोटो उन्हाकडं तिरका केला.

"ह्ये केस व्हय? ह्ये हुतं म्हणून मी रानात हुते?"

"व्हय."

"आन् तू पुसलंस म्हणून मी रानात न्हवते."

अंजना बोटांनी खडी चिवडत राहिली.

"अगं, मी हुते की तिथं," चंद्राबाई म्हणाली. "वटी भरली हुती हिरड्यानं. तुझ्या आबानं लांबनं हाळी दिली, चंद्रे, वरच्या अंगाला गवा आलाय, तिकडं जाऊ नगंस. मला इचारायचं की कुणीतरी." तिनं एक दगड पुढं ओढला, फोडला, दोन तुकडे झाले, ते पुन्हा फोडले. "दुसऱ्यांदा भंडारा त्यानं कुणापायी उचलला?"

"माझ्यापायी."

हातोडा थांबला. ओळीत पलीकडं कुणाचं तरी पोर रडत होतं. टाक टाक टाक आवाज नुसता, दूरपर्यंत.

"मला लेक असती तर मी बी उचलला असता," चंद्राबाई म्हणाली. "त्यानं केलं त्ये बरुबर केलं. पर मी त्याला माफ न्हाई करणार. जाशील तवा तसं सांग." तिनं फोटो पदरानं पुसून परत दिला. "आन् ह्यो घिऊन जा. हितं ठिवायला जागा न्हाई."

परतीच्या एस्टीत अंजना ते शब्द तोंडात घोळवत बसली. मिरज गेलं, सांगली गेली, कऱ्हाडला रात्र झाली. चंद्राबाईनं म्हटलं, बरोबर केलं. एवढंच सांगितलं तर? खोटं तर होणार नव्हतं. पुढचं वाक्य तेवढं काढायचं. म्हातारा माणूस, किती दिवस उरलेत त्याचे. हातानं आयुष्यभर हेच तर केलं होतं, नको ती रेघ हळूच बुजवायची, की चेहरा कसा निवांत दिसतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गावात उतरली. आबा ओट्यावर होता. तिला बघून त्यानं मान वर केली, आणि त्या डोळ्यांत विचारणं होतं, कितीतरी दिवसांनी.

अंजना त्याच्या पायाशी बसली आणि चंद्राबाईचं बोलणं, ज्या ओळीनं ती बोलली होती त्या ओळीनं, तिनं सगळं सांगितलं. हाळी सांगितली, गवा सांगितला. बरोबर केलं, तेही सांगितलं. मग थांबली, आणि शेवटचंही सांगितलं.

आबानं ऐकलं. ओठ हलले. आतली जीभ दिसली, निरोगी, लाल, एक डाग नसलेली. दुसऱ्यांदा भंडारा उचलल्याला साडेचार महिने झाले होते.

"गवा हुताच त्या दिशी," आबा म्हणाला आणि त्यानं तोंड मिटलं.